पोस्टग्रेस ९.६ वरून थेट १७ : मधल्या आवृत्त्या का गाळल्या

हवामानाच्या नोंदींचा डेटाबेस अखेर हलवायला घेतलाय. तापमान, दाब, आर्द्रता सगळं अजून पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीतच साठतंय. ही आवृत्ती सप्टेंबर २०१६ ची, आणि नोव्हेंबर २०२१ नंतर तिला सिक्युरिटी पॅचही नाही. नवं मशीन आलंच आहे, तर आवृत्तीचाही निकाल लावून टाकू म्हटलं.

एकेक आवृत्ती करत वर जायची गरज नाही. १७ सोबत येणारं पीजी_डंप (डेटा फाइलमध्ये उतरवून घेणारं) आणि पीजी_अपग्रेड (आहे त्याच डेटा फाइली नव्या आवृत्तीत नेणारं), दोघांनाही ९.२ पर्यंतचा जुना सर्व्हर चालतो. मग प्रश्न उरतो, थांबायचं कुठे. प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो. १४ चा नोव्हेंबर २०२६ ला संपतो, १६ चा २०२८ ला, १७ चा २०२९ ला.

‘जवळची आवृत्ती घ्या, कमी मोडतोड होईल’ हा सल्ला नेहमी मिळतो. मला तो पटत नाही. रिलीज नोट्स ओळीने वाचून काढल्यावर दिसलं, की माझ्या कामाला नडणारे बदल १२ आणि १४ मध्येच आहेत. १२ ने ओआयडीवाले (प्रत्येक ओळीला लपलेला क्रमांक देणारे) टेबल बंद केले, १४ ने पासवर्डची डीफॉल्ट पद्धत जुन्या एमडी५ वरून अधिक सुरक्षित स्क्रॅमवर नेली. १५ ने पब्लिक स्कीमावरचे (टेबलं ठेवायच्या सामाईक जागेवरचे) अधिकार आवळले, पण डंपमधून आलेल्या डेटाबेसला जुनेच अधिकार राहतात. म्हणजे १४ पर्यंत गेलो की त्रास भोगून झालेला असतो; १७ घेतली की सपोर्टची पुढची तीन वर्षं जवळपास विनासायास मिळतात.

मग १८ का नको? तिथे चेकसम (डिस्कवर डेटा बिघडला तर ओळखू देणारे आकडे) डीफॉल्टने चालू असतात, ते मला आवडलंय. पण ती नवी आहे. आणखी काही मायनर रिलीज होऊ देत, घाई कसली! आणि १७ मध्येही इनिटडीबीने नवा सर्व्हर मांडताना चेकसम आपल्या हाताने चालू करता येतात. तसे केलेत.

चाचणी सुट्या डिस्कवर. पीजी_अपग्रेड आधी फक्त चेक पर्यायाने चालवलं. जुना सर्व्हर चालू असतानाही ते चालतं. त्याने सेन्सरच्या यादीचं जुनं टेबल ‘विथ ओआयडीज’ आहे म्हणून अडवलं. ‘अल्टर टेबल... सेट विदाउट ओआयडीज’ दिलं की सुटतं. टेबल मोठं असेल तर वेळ राखून ठेवा, ते पूर्ण नव्याने लिहिलं जातं.

तरीही खऱ्या बदलासाठी डंप-रिस्टोअरच निवडलं. कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. २.२८ मध्ये तिचे मजकूर क्रमवारीचे नियम बदलले आणि माझी जुनी सिस्टिम त्याआधीची. पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या (शोध जलद करणाऱ्या सूचीच्या) फाइली जशाच्या तशा उचलतं. क्रम बदललेला असेल तर मजकुरावरचा इंडेक्स गुपचूप चुकीची उत्तरं देतो. रिइंडेक्स करून ते निस्तरता येतं, पण रिस्टोअरमध्ये इंडेक्स मुळातच नव्याने बनतात. डेटा काही जीबीच आहे, तेव्हा वेळाची सबब नाही. डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये डंप घेतला तर काम अनेक जॉब्जमध्ये वाटता येतं. शेवटी अ‍ॅनालाइझ मात्र विसरू नका, नाहीतर क्वेरी कशी चालवायची हे प्लॅनर डेटाच्या आकडेवारीविना आंधळेपणाने ठरवतो.

अडलंय ते सेन्सरची वाचनं गोळा करणाऱ्या जुन्या स्क्रिप्टपाशी. चाचणीत तिने ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ म्हणून हात वर केले. तो १० म्हणजे पोस्टग्रेसची आवृत्ती नव्हे, प्रोटोकॉलमधला सांकेतिक आकडा आहे. स्क्रिप्टचा ड्रायव्हर जुन्या लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लायब्ररीवर) उभा आहे आणि स्क्रॅमसाठी ती किमान १० लागते. त्या एका युजरला एमडी५ वर ठेवून आज काम भागेल, पण १८ ने एमडी५ पासवर्ड निवृत्तीच्या यादीत टाकलेत. म्हणून ड्रायव्हरच बदलतोय. तो बसला की ९.६ बंद. मधल्या वेळात सेन्सरची वाचनं फाइलमध्ये साठत राहतील आणि नंतर कॉपी कमांडने भरेन.