डोक्यावरची तुळस

पुईखडीचा चढ लागला तेव्हा शेजारून चालणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दे की पोरी जरा माझ्याकडं. मान आखडली असंल.” डोक्यावर तुळशीची कुंडी, पदर पावसानं चिंब, आणि मान खरंच दुखत होती. “नको मावशी, मीच नेतो,” मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘येतो-जातो’च म्हणतो.) कितीतरी दिवसांनी मी कुणाला ‘नको’ म्हटलं होतं.

आषाढी एकादशीला आमच्याकडून नंदवाळच्या विठ्ठलाला पायी दिंडी जाते. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून सकाळी पालखी निघते, वाट दहा-बारा किलोमीटरची. पंढरीला पायी जाणाऱ्यांपुढं ही वारी केवढीशी! पण दीड वर्ष नैराश्यात काढलेल्या बाईला कोपऱ्यावरचं दुकानही लांब वाटतं.

त्या दीड वर्षात घरच्यांनी मला फुलासारखं जपलं. भाजी कुठली करायची, मी साडी कुठली नेसायची, मुलाच्या शाळेत कोण जाणार, सगळं तेच ठरवायचे. हळूहळू मला अंथरुणातून उठायचंही कारण उरलं नाही. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, “सगळं चांगलं आहे की तुझं. देवाचे उपकार मान.” खरंच होतं ते, म्हणून तर जास्त लागायचं. एका वहीत चांगल्या गोष्टी लिहूनही बघितल्या. घर, नवरा, मुलगा. शाळेतला निबंध लिहावा तसं लिहिलं आणि वही मिटली.

मग एकदा डॉक्टरांनी विचारलं, “आज तुम्ही स्वतः काय ठरवलंत?” मला काहीच आठवेना. तेव्हा त्यांनी एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांचा १९७६ सालचा प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं रोप तुम्ही निवडा, सांभाळायचंही तुम्हीच. दुसऱ्या मजल्यावर रोपं हातात दिली आणि म्हटलं, पाणी आम्ही घालू. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे म्हातारे जास्त आनंदी, जास्त तरतरीत दिसले. दुसऱ्या मजल्यावर हेळसांड झाली नव्हती, माया तिथंही होती. हे ऐकून मी गप्पच बसले, कारण तो दुसरा मजला म्हणजे माझंच घर होतं.

घरी येताना रिक्षा थांबवून ही तुळस घेतली. खोड वाकडं, पण मंजिऱ्यांनी भरलेली. घरात सांगितलं, हिला पाणी मीच घालणार. दोनदा ती वाळायला आली, तरी सासूबाईंनी तिला हात लावला नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल, आता कळतं. गोळ्या चालू होत्या, आजही आहेत; त्यांची जागा तुळशीनं घेतली असं कुणी समजू नये. पण रोज सकाळी उठायला कारण झालं. आणि आषाढ लागल्यावर मीच म्हणाले, हिला घेऊन नंदवाळला चालत जाणार, बरोबर कुणी यायचं नाही.

पुईखडीला रिंगण झालं. अश्व धावत गेला तशी माणसं टापांखालच्या मातीसाठी वाकली. पावसानं तिचा चिखल झाला होता, तोच मी कपाळाला लावला. तेवढ्यात एका शाळकरी पोरानं माझ्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि ‘माउली’ म्हणून पाया पडला. वारीत लहानथोर बघत नाहीत. मलाही वाकायचं होतं. आता मी स्वतःच कुंडी मावशींपुढं धरली, “धरा जरा,” म्हटलं, आणि त्या पोराच्या पायांना हात लावला.

तिथंच रडू फुटलं. नवऱ्यानं उशाशी बसून काढलेल्या रात्री, सासूबाईंनी मोजून दिलेल्या गोळ्या, मुलानं दाराबाहेरूनच हळूच मारलेल्या हाका, सगळं एकदम आठवलं. वहीत ओढून आणलेले आभार त्या चिखलात आपणहून आले. मी माझ्या पायांनी तिथवर आले होते, म्हणून ते मला घेता आले, असं मला वाटतं. मावशींनी काही विचारलं नाही. कुंडी तेवढी घट्ट धरून उभ्या होत्या.

नंदवाळला हे गाडी घेऊन आले होते. आता ‘बस’ म्हणतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, “गाडीवरनं येतीस, का एस.टी.नं?” आणि उत्तराची वाट बघत पावसात तसेच उभे राहिले.

“आधी दर्शनाला जातो,” मी म्हटलं. “मग सांगतो.”