आंबा घाट आणि उलटा पडलेला मायनस

गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते, मीटरवर ३१२ किलोमीटर. शोरूममधल्या पोरानं बजावलं होतं, पहिले १,००० किलोमीटर जपा. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा (आरपीएम) ३,०००च्या वर न्यायचा नाही आणि एकाच वेगात लांबवर पळवायचीही नाही. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून नीट बसायच्या असतात म्हणे, त्यासाठी वेग कमीजास्त व्हावा लागतो. म्हणून कोल्हापूर ते मलकापूर मी साठ, ऐंशी, पासष्ट असा खेळत गेलो. मागच्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं. त्याचंही बरोबरच होतं.

शेजारी अण्णा. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. गाडी ऑटोमॅटिक. स्टिअरिंगमागच्या त्या दोन पाकळ्या, म्हणजे हातानं गियर बदलायचे पॅडल शिफ्टर, डावी मायनस म्हणजे गियर खाली, उजवी प्लस म्हणजे वर, मी त्यांना निघतानाच कौतुकानं दाखवल्या होत्या. "वायपर व्हय?" एवढंच म्हणाले.

आंबा गाव मागं पडलं आणि उतार लागला. गाडी डी मध्ये, म्हणजे गियर तीच बदलणार. उताराला ती आपणहून वरचा गियर धरून सुटायला बघते आणि आपला पाय ब्रेकवरून हलत नाही. पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास आमच्या एसीतून आत आला, तसा मी ऐटीत डावी पाकळी दाबली. मायनस. चौथ्यावरून तिसरा. इंजिन गुरगुरलं आणि मागून कुणी शर्ट धरावा तशी गाडी आवरली. वा!

मग आलं ते उजवं वळण, पार मागं फिरणारं. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलेलं, मी डाव्या हाताची पाकळी दाबली आणि गाडी आवरायच्या ऐवजी सुटली. या पाकळ्या चाकासोबत फिरतात हे डोक्यातच नव्हतं. डावीकडं आता प्लस आला होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो. अण्णांचा पायही समोरच्या पत्र्यावर.

"वळणात चाळं कशाला करतोस? गेर वळणाच्या आधी पाडायचा. वळणात हात फकस्त ष्टेरिंगला."

त्यानंतर प्रत्येक वळणाआधी शेजारून "पाड" असा हुकूम येत राहिला. एकदा मी घाईत लागोपाठ दोनदा दाबलं, तर गाडीनं टिंग करून दुसरा गियर नाकारलाच. त्या वेगाला ते इंजिनाला झेपलं नसतं. "बघ, तिला कळतंय," अण्णा म्हणाले. तिसऱ्यात मात्र काटा ४,५००ला शिवून आला होता.

गणपतीपुळ्यात दोन दिवस गर्दी, घाम आणि उत्तम मोदक.

येताना साखरप्याला चहा झाल्यावर अण्णा सरळ माझ्या दाराशी आले. "उतर." घाटाच्या पायथ्याला त्यांनी एकदाच डावी पाकळी दाबली आणि आंबा येईपर्यंत हात परत तिकडं नेला नाही. काटा कुठं जातोय ते मी बघत होतो. बोललो नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "हजारपर्यंत सांभाळून चालवली ना?"

मी हो म्हणालो. अण्णा भिंतीवरचं टायरचं पोस्टर वाचत होते.