तुम्ही विचारलंत म्हणून: डूम रडेल का?

मला मार्व्हलच्या कॉमिक्सचं वेड आहे हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "या वयात?" त्याला मी उत्तर देत नाही. दुसरा जाणकारांचा असतो, डॉक्टर डूम या मार्व्हलच्या मुखवटेधारी खलनायकाबद्दल: "डॉक्टर डूम रडला होता म्हणे. त्याच्या स्वभावात बसतं का ते?"

प्रकरण असं. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा डिसेंबर 2001 चा, 36 क्रमांकाचा अंक. मुखपृष्ठ संपूर्ण काळं. 11 सप्टेंबरचा हल्ला अगदी ताजा होता. कथा जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांची, चित्रं जॉन रोमिटा ज्युनिअर यांची. न्यू यॉर्कच्या त्या ढिगाऱ्यापाशी मॅग्नेटो, किंगपिन, डॉक्टर ऑक्टोपस असे एकजात नामचीन खलनायक गप्प उभे आहेत आणि डूमच्या धातूच्या मुखवट्याआड, डोळ्यात पाणी आहे.

यावर चिडणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. डूम पहिल्यांदा आला 1962 मध्ये, 'फँटॅस्टिक फोर' या चार नायकांच्या मालिकेच्या पाचव्या अंकात. लगेच पुढच्या अंकात त्याने याच न्यू यॉर्कमधली, त्या चौघांचं घर असलेली बॅक्स्टर बिल्डिंग उपटून अंतराळात ओढून नेली होती. असा माणूस इमारती कोसळल्या म्हणून टिपं गाळणार?

मग कोणीतरी हमखास म्हणतं, तो खरा डूम नव्हताच, त्याने बनवलेला, त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव असणार. ही पळवाट चाहत्यांनी काढलेली नाही, मार्व्हलच्याच लेखकांनी शिकवलेली आहे. 1981 मधल्या 'एक्स-मेन'च्या एका कथेत आर्केड नावाचा टिनपाट गुंड डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो आणि डूम ते मुकाट्याने सोसतो. लेखक-चित्रकार जॉन बर्न यांना हे पटलं नाही. त्यांनी 1983 मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या 258 व्या अंकात दाखवलं, की तो डूमचा यंत्रमानव होता आणि असा अपमान गिळल्याबद्दल खऱ्या डूमने त्याचा चुराडा केला. मला तो प्रसंग फार आवडतो. पण इथे ती युक्ती चालत नाही. रडणारा यंत्रमानव ज्याने बनवला, त्याला 'फँटॅस्टिक फोर'च्या म्होरक्याशी, रीड रिचर्ड्सशी, भांडत बसायची गरजच काय?

माझं उत्तर: अश्रू स्वभावात बसतो.

डूमचा बाप वैद्य होता. लॅटव्हेरिया या त्यांच्या काल्पनिक देशातल्या सरदाराची बायको त्याला वाचवता आली नाही, म्हणून लहानग्या व्हिक्टरला, म्हणजे डूमला, घेऊन तो ऐन हिवाळ्यात पळाला. अंगावरचं पांघरूण पोराला गुंडाळलं आणि स्वतः थंडीने गेला. आई त्याआधीच गेलेली, तिचा आत्मा मेफिस्टोच्या कैदेत. डूम दर वर्षी एका ठरलेल्या रात्री तिच्यासाठी त्या सैतानाशी झुंजतो आणि हरतो. 1989 मध्ये लेखक रॉजर स्टर्न आणि चित्रकार माइक मिग्नोला यांनी या झुंजीचा शेवट रचला. डूम सोबत आलेल्या जादूगाराचाच, डॉक्टर स्ट्रेंजचा, आत्मा आईच्या बदल्यात देऊ करतो. हे पाहून आई हादरते, पोराला झिडकारते, आणि त्या नकारामुळेच ती सुटते. आईने आपला तिरस्कार करावा, ही त्याने ठरवून मोजलेली किंमत होती. इतकं दुःख पोटात घालून जगणाऱ्याच्या डोळ्यात एकदा पाणी आलं, तर त्याचं मला नवल वाटत नाही.

मला खटकतो तो अंकातल्या त्या चित्रावर लिहिलेला मजकूर. आपल्यातले वाईटातले वाईटही शेवटी माणसंच, त्यांनाही निष्पापांच्या मरणाचं दुःख होतं, अशा अर्थाचं निवेदन तिथे येतं. मॅग्नेटोला ते लागू पडेल; छळछावणीतून वाचलेला माणूस आहे तो. पण डूम? 'आपल्यातले' या शब्दात डूम मावतच नाही. लॅटव्हेरियाचा हा राजा स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणायच्या ऐवजी 'डूम' म्हणतो. त्याला रडू येईल, पण इतरांच्या रांगेत उभं राहून, 'मीही तुमच्यासारखाच' असं कबूल करत नाही. एकटा आला असता, रात्री, कोणी नसताना, तर मी एका शब्दाने तक्रार केली नसती.

अर्थात एवढा काथ्याकूट करताना मला स्वतःचंच हसू येतं. ज्या शहरावर हल्ला झाला, त्याच शहरातल्या कंपनीने तो अंक काढला होता. डूमचा स्वभाव सांभाळायला त्या दिवसांत सवड कोणाला असणार? त्या चौकटीत त्यांना त्यांचा सगळ्यात मोठा खलनायक हवा होता, आणि तो डूमच होता.

तरीही अंक परत उघडला की मी एक गोष्ट बघतो. उठताबसता भाषणं ठोकणाऱ्या या माणसाच्या तोंडी तिथे संवादाचा एकही फुगा नाही. निवेदन त्याच्याबद्दल काय हवं ते म्हणो, तो स्वतः काही म्हणत नाही.