पॉइंटांचा हिशेब, फी वजा जाता

रविवार, घोडबंदर रोड

ट्रॅव्हल क्रेडिट कार्डांची माहितीपत्रकं समोर पसरली आहेत. सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर: शंभर रुपयांमागे इतके पॉइंट. पण एका बँकेचा पॉइंट तिकिटावर १ रुपयाचा, तर दुसरीचा २५ पैशांचा. आणि तोच पॉइंट व्हाउचरवर किंवा बिलात वळता केला की बहुधा आणखी स्वस्तात जातो. म्हणून आधी त्याची किंमत पैशांत लिहायची, मग बाकीचं.

त्याहून आधी बघायचं ते तिकिटाचे पैसे कोण भरतं. ऐरोली-महापेतून दर महिन्याला बंगळुरू गाठणाऱ्या कित्येकांचं तिकीट कंपनीच काढते. मेंबरशिप नंबर टाकला असेल तर विमान कंपनीचे माइल (म्हणजे तिचे स्वतःचे पॉइंट) आपल्याला मिळतात, पण आपल्या कार्डावर त्या तिकिटाचा एकही पॉइंट पडत नाही. अशांनी भारी फीचं कार्ड घ्यायचं ते निव्वळ विमानतळावरच्या लाउंजपुरतं (बसण्या-खाण्याच्या खास दालनापुरतं), आणि तेही परवडतंय का बघून.

पदरचं तिकीट काढणाऱ्याचं गणित असं. वर्षाची फी ५,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. समजा विमान कंपनीकडे थेट खर्चावर शंभराला ५ पॉइंट, इतरत्र २, आणि पॉइंट ५० पैशांचा. दीड लाखाच्या तिकिटांचे ३,७५० रुपये, इतर अडीच लाखांचे २,५०० रुपये. एकूण ६,२५०. फी वजा जाता उरले साडेतीनशे! इथून मुंबई विमानतळाच्या टी-टूपर्यंतची (टर्मिनल दोनपर्यंतची) टॅक्सीसुद्धा त्यात होत नाही.

आणि हेही सगळं नीट मोजलं गेलं तर. मेख आहे ती ‘थेट’ या शब्दात. प्रत्येक दुकानदाराला एमसीसी नावाचा चार अंकी कोड असतो. मोठ्या विमान कंपन्यांचे कोड ३००० पासून पुढे, इतर विमान कंपन्यांचा ४५११, ट्रॅव्हल एजंटचा ४७२२. तेच विमान, तीच सीट, पण बुकिंग अ‍ॅपवरून काढली तर व्यवहार सहसा ४७२२ खाली जातो आणि पाचाऐवजी दोनच पॉइंट पडतात. (बँकेचं स्वतःचं पोर्टल असेल तर त्याचे नियम वेगळे.) घरभाडं, वॉलेट आणि पेट्रोल बहुतेक कार्डांवर पॉइंटांतून बाद, भाड्यावर तर अनेक बँका उलट १ टक्का शुल्क लावतात. तिकीट रद्द झालं की पॉइंटही परत जातात.

एकाच विमान कंपनीच्या नावाचं कार्ड घेताना जरा दम धरावा. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवता येणारं कार्ड त्या मानाने बरं. मात्र वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, म्हणून आधी माइलवर सीट दिसतेय का ते बघायचं, मगच वळवायचे. ‘फुकट’ तिकिटावरही कर आणि शुल्कं रोखीनेच भरावी लागतात.

परदेशी जाणाऱ्यांनी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, बघावा. साडेतीन टक्के म्हणजे जीएसटीसह लाखामागे ४,१३०. दोन टक्के असेल तर २,३६०. परदेशात मशीनने ‘रुपयांत भरू का’ विचारलं तर नाही म्हणायचं आणि तिथल्याच चलनात भरायचं, कारण रुपयांचा तो दर दुकानाच्या बाजूने ठरतो.

लाउंजचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला तरच पुढच्या तिमाहीत दार उघडतं, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीसाठी खर्च जुलै ते सप्टेंबरमध्येच व्हायला हवा. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झालीत. वाशी-खारघरकरांना तो जवळचा, पण कार्डाच्या यादीत ‘मुंबई’ लिहिलंय म्हणजे तिथलंही लाउंज आलं असं धरू नये. नाव वेगळं शोधावं.

आता फीमाफीची, म्हणजे वर्षभरात ठरावीक खर्च झाला की फी माफ होण्याची, अट वाचायची राहिलीय. तिचं वर्ष बहुधा एप्रिलपासून नाही, कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि भाडं-पेट्रोल त्यातूनही वगळलेलं असू शकतं.