परक्याशी किती अंतरावरून बोलावे

शुक्रवार, रात्री

अँडी वीअर यांची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ आज वाचून संपवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी गेली काही वर्षे विज्ञानकथा वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि तिच्यावर चित्रपट होणार हे कळल्यापासून तर एरवी या वाटेला न जाणारेही ती मागून नेऊ लागले आहेत. ‘मावशी, बाकी सगळे बाजूला ठेव आणि आधी ही वाच,’ असे भाचीने बजावले होते. इतक्या शिफारशींनंतर हाती आलेले पुस्तक मी थोड्या आकसानेच उघडते, आणि पहिली काही प्रकरणे तो आकस टिकलाही. स्मृती गमावलेला नायक, एकाकी अंतराळयान, पृथ्वीवर ओढवलेले संकट ही सामग्री काही नवी नाही. सूर्याची ऊर्जा शोषणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सूर्य मंदावू लागला आहे, आजूबाजूच्या ताऱ्यांनाही तीच बाधा झाली आहे, आणि सुमारे १२ प्रकाशवर्षांवरचा टाऊ सेटी हा एकच तारा का वाचला, हे शोधण्यासाठी तिघांना तिकडे धाडले आहे. त्यांतला एकटाच जिवंत उरतो, आणि तो निघतो शाळेत विज्ञान शिकवणारा ग्रेस नावाचा शिक्षक. आयुष्यभर खडू हातात धरलेल्या माझ्यासारखीला हे आवडणारच, हे लेखकाला बहुधा ठाऊक असावे.

परंतु पुस्तक खऱ्या अर्थाने सुरू होते ते टाऊ सेटीजवळ दुसरे यान दिसते तेव्हा. त्या यानातला प्राणी सुमारे १६ प्रकाशवर्षांवरच्या ४० एरिडानी या ताऱ्याकडून आलेला आहे. पाच पायांचा, दगडासारख्या कवचाचा, डोळेच नसलेला हा प्राणी आपल्या वातावरणाच्या २९ पट दाबाच्या आणि २१० अंश सेल्सियस तापलेल्या अमोनियात राहतो. आपली हवा त्याला मारील आणि त्याची हवा आपल्याला, म्हणून दोघांच्या मध्ये एक पारदर्शक भिंत उभी राहते आणि तिच्या दोन बाजूंना बसून दोघे बोलायला शिकतात. त्याचे बोलणे म्हणजे एका वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांचे गुच्छ. नायक लॅपटॉपवर त्या स्वरांच्या वारंवारता मोजतो, आधी अंक, मग काळाची मापे, मग वस्तूंची नावे, अशा क्रमाने कोश तयार करतो. हा भाग मी सावकाश, मुद्दाम रेंगाळत वाचला, कारण परकी भाषा शिकण्याचे इतके मन लावून केलेले वर्णन मी विज्ञानकथेत फार क्वचित वाचले आहे.

त्याहून सुंदर आहे ते दोघांच्या अज्ञानाचे चित्रण. रॉकीचे (नायकाने त्याला दिलेले हे नाव) लोक धातू आणि यंत्रे यांच्या बाबतीत आपल्या कितीतरी पुढे आहेत. तरीही त्यांना किरणोत्सार म्हणजे काय हे माहीत नाही, कारण त्यांच्या ग्रहाच्या दाट वातावरणाने आणि चुंबकीय क्षेत्राने तो कधी जमिनीपर्यंत पोहोचूच दिला नाही. त्याचे सगळे सहप्रवासी वाटेत का मेले, हे त्याला एका शाळामास्तराकडून कळते. प्रत्येक संस्कृतीचे ज्ञान तिच्या घराच्या रचनेवर अवलंबून असते, हे लेखक कुठेही न सांगता दाखवून देतो. त्याची माणसे मात्र पातळ आहेत. सगळे एकाच ढंगाचे विनोद करतात, आणि पृथ्वीवरच्या प्रकरणांत एका बाईच्या हाती सगळ्या जगाची सत्ता ज्या सहजतेने येते, ती मला पटली नाही.

रविवार

भाचीच्या यादीतले दुसरे नाव ल्यू त्सीशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’चे होते. ती मी पूर्वीच वाचली आहे. आज रॉकीच्या संगतीत तिची काही प्रकरणे पुन्हा चाळली. शान्शी प्रांतातल्या एका वीजकेंद्रात अभियंता म्हणून काम करणाऱ्या या लेखकाने ती २००६ मध्ये एका चिनी विज्ञानकथा मासिकातून क्रमशः लिहिली. केन ल्यू यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती. २०२४ च्या नेटफ्लिक्स मालिकेनंतर ती पुन्हा नव्याने वाचली जात आहे.

इंग्रजी आवृत्ती १९६७ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत सुरू होते. भर सभेत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला कोवळ्या मुली मरेपर्यंत मारतात आणि त्याची मुलगी ते पाहत उभी असते. चीनमध्ये पुस्तक निघाले तेव्हा हा भाग सुरुवातीला न ठेवता मध्यावर सरकवलेला होता. अनुवादात तो पुन्हा पहिल्या स्थानी आला, आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. त्या मुलीने पुढे काय केले हे त्या पहिल्या प्रसंगावाचून समजतच नाही. एका लष्करी तळावर काम करताना ती सूर्याचा उपयोग करून अवकाशात संदेश पाठवते. सुमारे आठ वर्षांनी उत्तर येते: उत्तर देऊ नका. तिकडच्या एका एकाकी श्रोत्याने दयेपोटी दिलेला तो इशारा असतो. मनुष्यजातीवरचा विश्वास पार उडालेली ती बाई तरीही उत्तर देते.

पुढच्या ‘द डार्क फॉरेस्ट’ या भागात या कथेचे तत्त्वज्ञान पूर्ण होते. विश्व हे अंधारे अरण्य आहे, प्रत्येक संस्कृती दबा धरून बसलेला शिकारी आहे, आणि जो आवाज करील तो मरेल. प्रत्येकाला आधी जगायचे आहे, द्रव्य मर्यादित आहे, समोरच्याचा हेतू कळण्याचा मार्ग नाही, आणि आज दुबळा असलेला उद्या अचानक बलवान होऊ शकतो. तेव्हा शहाणपण पहिला घाव घालण्यात आहे. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता आणि त्याचे दडपण बराच काळ मनावर होते.

आज दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, तिची नोंद करून ठेवते. लोक म्हणतात की वीअर आशावादी आहे आणि ल्यू निराशावादी. मला तसे वाटत नाही. फरक स्वभावापेक्षा अंतराचा आहे. ल्यू यांचे परके सुमारे चार प्रकाशवर्षांवर आहेत. एक प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत आठ वर्षे जातात आणि तेवढ्यात विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही बदललेले असतात. अशा ठिकाणी संशय हाच नियम होणार. वीअरचे दोघे एका भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. चुकीचा शब्द गेला तर दुसऱ्या क्षणी दुरुस्त करता येतो, एकाने झोपावे आणि दुसऱ्याने जागे राहून त्याच्याकडे लक्ष द्यावे, इतकी जवळीक आहे. भाबडेपणामुळे नव्हे, तर वारंवार खात्री करून घेता येते म्हणून तिथे विश्वास तयार होतो. हीच दोन माणसे, म्हणजे एक माणूस आणि एक रॉकी, आपापल्या ग्रहांवरूनच बोलली असती तर ल्यू यांचेच अरण्य तयार झाले असते.

या दृष्टीने पाहता १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवर बसवून पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या म्हणजे ल्यू यांच्या मते केवढा वेडेपणा! त्यांवर ५५ भाषांतली अभिवादने आहेत, त्यांत पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा सांगणारे मराठीही आहे. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. आणि वेष्टनावर ठरावीक लयीत स्पंदने पाठवणाऱ्या पल्सर ताऱ्यांच्या आधारे काढलेला सूर्याचा पत्ताही आहे. ल्यू यांच्या विश्वात पत्ता देणे म्हणजे मरण. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या, व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर थोड्याच दिवसांनी. ते यान आज इतके दूर गेले आहे की प्रकाशालाही तिथवर जायला जवळजवळ एक दिवस लागतो. भैरवी ही मैफिलीच्या शेवटी गातात, आणि आपण ती ओळख करून देताना पाठवली, याचे मला नेहमी हसू येते.

मंगळवार

एड्रियन चायकोव्हस्की यांची ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ (२०१५) वाचते आहे. या यादीत मला सर्वांत आवडलेली हीच ठरेल. २०१६ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार तिला मिळाला होता, आणि लेखकाने प्राणिशास्त्र शिकलेले आहे हे पानोपानी जाणवते. माणसांनी राहण्याजोगा केलेल्या एका ग्रहावर माकडांना बुद्धिमान करण्यासाठी एक विषाणू सोडायचा असतो. माकडे वाटेतच जळून जातात, विषाणू मात्र पोहोचतो आणि तिथल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांना लागतो. निवडलेली जात आहे पोर्शिया लाबियाटा. हा कोळी काल्पनिक नाही; तो आपल्याच दक्षिण आशियात सापडतो, बोटाच्या पेराहून मोठा नसतो, आणि दुसऱ्या कोळ्यांची शिकार करतो. भक्ष्याच्या जाळ्याचे धागे वेगवेगळ्या तऱ्हेने हलवून तो फसवतो, आणि गरज पडल्यास भक्ष्य नजरेआड होऊ देऊन लांबचा वळसा घेऊन येतो, हे प्रयोगांत दिसलेले आहे. एवढ्याशा जीवात बेत आखण्याची ही शक्ती आहे, या एका सत्यावर लेखकाने सहाशे पानांची संस्कृती उभी केली आहे.

पिढ्या बदलतात, पण पोर्शिया, बियांका, फेबियन ही नावे पुन्हा पुन्हा येत राहतात, त्यामुळे एकाच व्यक्तीचे हजारो वर्षांचे आयुष्य वाचत असल्याचा भास होतो. मुंग्यांच्या वसाहतींना वासाच्या खुणांनी वळवून त्यांच्याकडून गणिते करवून घेणारे कोळी मी कधी विसरेन असे वाटत नाही. मादी बलवान आणि नराला जीव मुठीत धरून वावरावे लागते, अशा समाजात नरांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहतो. तो लेखकाने थट्टा न करता मांडला आहे, आणि म्हणूनच तो बोचतो.

अंतराचा माझा नियम इथे निराळ्या रूपात भेटला. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानातून एक शास्त्रज्ञ खाली गणिते पाठवत असते. ती माकडांसाठी आहेत अशी तिची समजूत असते. खालचे कोळी त्या आवाजाला देव मानतात. ती वर, ते खाली, आणि दोघांनाही समोर कोण आहे याचा पत्ता नाही: संवाद चालू आहे, पण ओळख नाही. शेवटच्या माणसांना घेऊन येणारे जहाज जवळ येऊ लागते तशी माझी वाचण्याची गती वाढली. शेवट इथे लिहीत नाही, कारण ही वही भाचीच्या हाती पडते.

मार्था वेल्स यांचे ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (२०१७) मध्येच एका बैठकीत वाचून झाले. स्वतःला ‘मर्डरबॉट’ म्हणवणारा, माणसांच्या डोळ्यांत पाहणे टाळून कॅमेऱ्यांतूनच त्यांच्यावर नजर ठेवणारा आणि सवड मिळाली की मालिका पाहत बसणारा रक्षक-यंत्रमानव मजेदार आहे. पुस्तक हलके आहे आणि त्याला तसेच राहू द्यावे. समांथा हार्वी यांची २०२४ चे बुकर मिळवणारी ‘ऑर्बिटल’ही यादीत होती. अंतराळस्थानकातल्या सहा जणांचा एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, आणि गद्य अतिशय देखणे. परंतु तिच्यात परके कोणीच नाही, तेव्हा तिच्याविषयी वेगळे लिहावे लागेल.

गुरुवार

ग्रंथालयात जयंत नारळीकरांची पुस्तके हल्ली कपाटात फारशी दिसत नाहीत, सतत कोणाकडे तरी गेलेली असतात. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्यानंतर ही मागणी वाढली, असे ग्रंथपाल म्हणाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. मला आज ‘वामन परत न आला’ मिळाली.

ती मी तरुणपणी वाचली होती तेव्हा यंत्रमानवाची गोष्ट म्हणून वाचली. आता वेगळेच दिसते. फार पूर्वी लयाला गेलेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेले ज्ञान आपल्या शास्त्रज्ञांच्या हाती लागते, त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो, आणि मग ती संस्कृती लयाला का गेली या प्रश्नाला धार येते. इथे परके प्रकाशवर्षांवर नाहीत. ते आपल्याच भूमीखाली आहेत, परंतु काळाच्या पलीकडे. ल्यू यांच्या नायिकेला उत्तरासाठी आठ वर्षे थांबावे लागले. नारळीकरांच्या शास्त्रज्ञांना उत्तर कधीच मिळणार नाही, कारण संदेश पाठवणारा उरलेला नाही. ‘ही गोष्ट तुम्ही का पुरून ठेवली?’ असे विचारायला कोणी नाही. एकतर्फी संदेशाचा हा धोका मराठीत १९८० च्या दशकात इतक्या साध्या, खरे तर काहीशा कोरड्या भाषेत मांडला गेला होता. त्यांची पात्रे व्याख्यान दिल्यासारखी बोलतात, हे खरेच आहे. पण रोजच्या वापरातली यंत्रे उत्तरे देऊ लागलेली असताना ही छोटी कादंबरी ज्यांनी वाचली नाही, त्यांना मी ती वीअरच्या आधी देईन.

शनिवार

माझा अंतराचा नियम भाचीला फोनवर सांगितला. तिचे म्हणणे असे की रॉकी आणि ग्रेस यांच्यावर संकट एकच होते म्हणून मैत्री जमली; एकाचा सूर्य वाचवण्यासाठी दुसऱ्याचा सूर्य विझवावा लागला असता, तर ती पारदर्शक भिंत पुरली असती का? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. मग तिने स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ वाचायला सांगितली. १९६१ सालची ही पोलिश कादंबरी आजही नव्या पुस्तकांच्या बरोबरीने सुचवली जाते. तिथे माणसांचे स्थानक एका सजीव महासागराच्या अगदी वर तरंगत आहे, पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञांनी त्यावर ग्रंथांचे ढीग रचले आहेत, महासागर माणसांच्या आठवणींतून जिवंत माणसे घडवून त्यांच्या खोल्यांत पाठवतो, आणि तरीही त्याला काय हवे आहे हे कोणालाच कळत नाही. माझ्या नियमाला हे पुस्तक सरळ आव्हान आहे, म्हणून ते लगेच मागवले. बिल जॉन्स्टन यांनी थेट पोलिशवरून केलेला इंग्रजी अनुवाद घ्यावा, जुना फ्रेंचमार्गे आलेला नको, असे भाचीने सांगून ठेवले आहे.