हा आवाज कोणाचा गं?

मी आधी हसले आणि मग मला कळलं की ते एआयने केलंय. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण उलटं झालं असतं तर मी हसलेच नसते, नाक मुरडलं असतं, "काय ते डोळे, काय ते हात" असं पुटपुटत पुढे सरकवलं असतं आणि झोपले असते. पण झोपच येत नव्हती म्हणून फोन हातात होता आणि कोणीतरी एक कार्टून पाठवलेलं, दीड-दोन मिनिटांचा एपिसोड. एक म्हातारं चिडकं भूत आणि त्याच्या घरात नव्याने राहायला आलेला भाडेकरू. भूत बिचारं जीव तोडून घाबरवतंय, दारं आपटतंय, दिवे घालवतंय, आणि भाडेकरू अंधारातून शांतपणे म्हणतो, "घालवा काका, मीटर अजून तुमच्याच नावावर आहे."

मी फिस्सकन हसले. मग त्या भुताचा पडलेला चेहरा बघून अजून थोडी हसले. आणि मग खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली, एआय-जनरेटेड.

कसं वाटलं सांगू? फोन लावावा, पलीकडून गोड आवाजात नमस्कार यावा, आपणही अगदी मनापासून "हो, नमस्कार नमस्कार" म्हणावं आणि तो आवाज आपल्या बोलण्यावरून गाडी घालून "मराठीसाठी एक दाबा" म्हणत पुढे जावा, तसं. कोणी बघत नसतं तेव्हा, तरी कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी मी तो एपिसोड आईला दाखवला आणि मुद्दाम काही सांगितलं नाही. ती मीटरच्या वाक्याला हसलीच, शिवाय जिथे मी हसले नव्हते तिथेही हसली, भूत थकून खुर्चीत बसतं आणि स्वतःचेच गुडघे चेपतं तिथे. संपल्यावर म्हणाली, "हा भुताचा आवाज कोणाचा गं? ऐकलेला आहे." आमच्या आईचं हे जुनं वेड आहे. तिची पिढी रेडिओवर श्रुतिका ऐकत वाढली, चेहरा न बघता नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची त्यांना सवय, टीव्हीवर डब केलेली जाहिरात लागली की ही आतल्या खोलीतून ओरडणार, अरे हा तर तो! तिने नावं काढायला सुरुवात केली, तो नाही का जो नेहमी हवालदाराचं काम करायचा, तो नसेल तर मग तो दुसरा, जाडा. मी म्हटलं, आई, कोणाचाच नाहीये, मशीनचा आवाज आहे, चित्रंपण मशीनची. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला फसवतेय. "असं कसं, कोणाचा तरी असणारच ना."

मी तेव्हा विषय सोडून दिला.

खरं म्हणजे मशीनच्या जोडीने हसणं आपल्याला नवीन नाहीये. सिटकॉममध्ये मागून जो हशा येतो ना, त्यातला कितीतरी डबाबंद असतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने त्यासाठी एक पेटीच बनवली होती, लाफ बॉक्स. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, एका बटणावर खुसखुस, एकावर गडगडाट, आणि हा गडी त्या पेटीला कुलूप लावून ठेवायचा, आत काय आहे ते कोणाला कळू नये म्हणून. इथपर्यंत ठीक आहे. पण 1960 मध्ये द फ्लिंटस्टोन्स सुरू झालं, ते तर कार्टून, आणि त्यालाही मागे हशा! म्हणजे कागदावर काढलेल्या पात्रांसमोर खुर्च्या टाकून कोण प्रेक्षक बसले होते? तेव्हाही लोकांनी त्यावर फार विचार केला नसावा, आपण तरी कुठे करतो, मागचे हसले की आपणही हसतो. तेव्हा चित्रं माणसांची होती आणि हशा पेटीतला होता. आता चित्रं पेटीतली आहेत आणि हशा आपला, एवढाच काय तो बदल.

या सगळ्याचा एक मूळपुरुष आहे, नथिंग, फॉरेव्हर नावाचा. 14 डिसेंबर 2022 ला ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर सुरू झाला, नव्वदच्या दशकातल्या एका गाजलेल्या अमेरिकन सिटकॉमचं विडंबन, चोवीस तास चालू, संवाद जीपीटी-3 नावाचं मजकूर लिहिणारं एआय मॉडेल लिहिणार, पात्रं जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी चौकोनी ठोकळेबाज. त्यात विनोद असा नव्हताच. एकजण बोलायचा, मग सगळे गप्प, मग कोणीतरी उगाच खोलीभर फिरून यायचं आणि मागून खो खो हशा. कशाला हसले? कशालाच नाही. आणि तरी हजारो लोक एकाच वेळी ते बघत होते, कारण ते इतकं मन लावून चुकत होतं की सोडवत नव्हतं.

मग 6 फेब्रुवारी 2023 ला त्याच्यावर 14 दिवसांची बंदी आली. नेहमीचं मॉडेल बिघडलं म्हणून करणाऱ्यांनी जुनं मॉडेल लावलं आणि घाणेरडं बोलणं अडवायची जी चाळणी होती ती त्याला नीट लागलीच नाही, आणि स्टेजवर उभा असलेला तो ठोकळा ट्रान्स लोकांबद्दल वाट्टेल ते बोलला. त्यातली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. ते बोलून झाल्यावर तो म्हणाला की कोणी हसत नाहीये तेव्हा मी थांबतो, आणि मग विचारलं, सगळे गेले कुठे? त्याला समोर कोणी दिसत नव्हतं की काही नाही, हसत नाहीयेत हेही मॉडेलने आपलं शब्दाला शब्द जोडून काढलेलं. पण एखाद्या हाडाच्या नटाला जे रात्री स्वप्नात दिसत असेल नेमकं तेच वाक्य निघालं की हो त्याच्या तोंडून.

तर, चुकण्याला हसणारे. माझा भाचा यातला पक्का. बारा वर्षांचा आहे. त्याला भुताच्या जोकशी काही घेणंदेणं नाही, त्याला आवडला तो तिसरा एपिसोड, ज्यात भाडेकरूच्या शर्टाला खिसा येतो, जातो, परत येतो तेव्हा दुसऱ्या बाजूला येतो, आणि मागून एक बाई जाते ती सरळ भिंतीत शिरते. आणि ती भूत नाहीये! जी भूत नाहीये तीच भिंतीतून जाते आणि भूत मात्र दार उघडायला किल्ली शोधतंय. तो जमिनीवर लोळून हसत होता, "मावशी परत लाव, परत लाव, ती बाई." मी त्याला समजावत होते की बाबा हे मॉडेल काही सेकंदांचे तुकडे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा नव्याने कल्पना केल्यासारखा, मागच्यात खिसा कुठे होता हे नीट धरून ठेवता येत नाही त्याला. त्याने ऐकलं नाही. बरोबरच आहे, लोळून हसणाऱ्याला कारण सांगू नये. पण दोन महिन्यांनी नवीन एपिसोड आले, खिसा जागेवर, भिंती पक्क्या, बोटं पाचच्या पाच, आणि स्वारीने अर्ध्यात फोन परत दिला. "आता चांगलं झालंय," म्हणाला आणि निघून गेला.

माझा एक मित्र ॲनिमेटर आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय. त्याला दाखवायला मला थोडी भीतीच वाटत होती. तो हसतो की नाही याच्याकडे मी बघत होते आणि तो पात्रांच्या पापण्यांकडे. म्हणाला, मान वळते तेव्हा माणूस बहुतेक वेळा डोळे मिटून उघडतो, आम्ही ते हाताने घालतो, याच्यात बघ, मान गरागरा फिरतेय आणि डोळे टक्क उघडे. आणि भूत दचकतं तेव्हा आधी किंचित खाली बसायला हवं, मग वर उडायला हवं, उडी मारायच्या आधी गुडघे वाकतात तसं. सेकंदाला 24 फ्रेम असतात, त्यातल्या चार-पाच फ्रेम इकडच्या तिकडे झाल्या की हसू गेलं. त्याचं म्हणणं मला पटत होतं आणि तरी मी काल रात्री हसले होते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मीटरचं वाक्य आलं. त्याच्या ओठाचा कोपरा हलला, मी पाहिलं! लगेच म्हणाला, "हे मात्र कोणीतरी माणसाने लिहिलंय."

कशावरून? "कळतं ना."

आता खरंच एखाद्या माणसाने लिहिलेलं असू शकतं. एआयची सिरीज म्हटलं तरी मागे कोणीतरी स्क्रिप्ट लिहितं, वीस तुकड्यांमधून एक निवडतं, त्यात काय. पण मला गंमत वाटली ती त्याच्या वाटणीची. आवडलं ते माणसाचं, फसलं ते मशीनचं. आणि आपणच नाही, अभ्यास करणाऱ्यांनाही हा विषय दोन्हीकडून चकवतो. 2023 मध्ये जर्मनीतल्या दोघांनी चॅटजीपीटीला 1008 वेळा जोक सांग म्हटलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तेच ते 25 जोक फिरून आले, सगळ्यात जास्त वेळा शेतातल्या बुजगावण्याला बक्षीस मिळाल्याचा. म्हणजे अगदी लग्नात भेटणारे ते काका, दरवर्षी तेच, आणि दरवर्षी आधी स्वतः हसणार. आणि लगेच 2024 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासात सामान्य लोकांनी चॅटजीपीटीचे जोक माणसांच्या जोकपेक्षा जास्त मजेशीर ठरवले, कोणी लिहिलेत ते न सांगता विचारलं होतं त्यांना. न सांगता. माझ्यासारखंच.

मित्राला मी हे सांगितलं नाही, कारण त्याचा मूड आधीच गेला होता. हल्ली त्याच्याकडे नवीन काम कमी आणि दुरुस्तीचं जास्त येतं, मशीनने काढलेले शॉट येतात आणि हा त्यातली जास्तीची बोटं काढून टाकतो. "दिवसभर बोटं मोजतो मी," म्हणाला. ज्या मशीनला शिकवायला कलाकारांची चित्रं न विचारता वापरली असा आरोप आहे, तिच्याच चुका त्या कलाकारांनी निस्तरायच्या. 2025 च्या जूनमध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने एआयने चित्रं काढून देणाऱ्या मिडजर्नी कंपनीला याच आरोपावरून कोर्टात खेचलं ते आमच्या बोलण्यात आलं तर म्हणाला, त्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे वकील आहेत. यावर मी काय बोलणार, मी तर हसून बसले होते.

नंतर मी एक आगाऊपणा केला. तोच एपिसोड दोन ग्रुपवर टाकला. नातेवाईकांच्या ग्रुपवर लिहिलं, बघा हे सगळं एआयने केलंय. मैत्रिणींच्या ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, आणि ती कोपऱ्यातली बारीक अक्षरं फोनवर कोण वाचतंय. नातेवाईकांमध्ये संध्याकाळपर्यंत धुमाकूळ, एकजण म्हणतोय डोळे मेलेत, एकजण म्हणतोय आता सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, एका काकांनी अंगठा दाखवून "प्रगती" एवढंच लिहिलं, ते नेमकं कोणाच्या बाजूने ते कळलं नाही. आख्ख्या चर्चेत त्या भुताबद्दल एक अक्षर नाही! आणि मैत्रिणींकडे, "हाहाहा हे आमच्या घरमालकाला पाठवते", "भूत सेम माझे सासरे", "गुडघे चेपतंय बिचारं". एकीलाही खिसा दिसला नाही.

मग मला राहवेना, मी सांगून टाकलं. ग्रुप शांत. एकीने लिहिलं, "हं, मला वाटलंच होतं काहीतरी विचित्र आहे", जी पाच मिनिटांपूर्वी सासऱ्यांना भूत म्हणून मोकळी झाली होती. आणि एकीने, मी स्वतः बघितलंय, आपली हसरी इमोजी काढून घेतली. टाकलेली इमोजी परत काढली! हसू परत घेता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मला तिचा राग नाही आला, मला आधी माझे गरम झालेले कान आठवले. तिला बिचारीला वाटलं असेल की आपण टाळी द्यायला हात पुढे केला आणि समोर कोणी नाहीच.

आई मात्र काही परत घ्यायला तयार नव्हती. पंधरा दिवस गेले, मी ती सिरीज विसरूनही गेले होते, आणि एका दुपारी तिने आतून हाक मारली, "अगं आठवलं!" काय आठवलं? "त्या भुताचा आवाज." मी म्हटलं, आई, सांगितलं ना तुला, हजारो माणसांचे तासन् तास रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवून मशीनला बोलायला शिकवतात, मग ती त्यातून नवीन आवाज काढते, तो कोणा एकाचा नसतो. "तेच म्हणतेय मी. आपण भाड्याने राहायचो तेव्हाचे घरमालक. शेवटचा शब्द गिळायचे बघ, 'दिवा मालव' म्हणायचे तर 'व' ऐकूच यायचा नाही. त्यांचा कोणीतरी रेकॉर्ड करून ठेवला असणार." ते जाऊन तीस वर्षं झाली असतील, त्यांच्या घरात टेपरेकॉर्डर तरी होता की नाही कोण जाणे.

"लाव बघू परत," आई म्हणाली. मी लावला. भुताने दार आपटलं, दिवा घालवला, आणि भाडेकरूने तोंड उघडायच्या आधीच आई हसायला लागली.