सीसाइडचे सील आणि आईची तारली

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर जायचं म्हटलं की पोर्टलंडकडची मंडळी कॅनन बीचला जातात. तिथला हेस्टॅक रॉक फोटोत फार छान येतो. आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही मात्र हायवे 26 संपल्यावर उजवीकडे, उत्तरेला वळलो आणि सीसाइडला गेलो. हे गाव जरा जत्रेतलं आहे. व्हिडिओ गेमची दुकानं, धडकगाड्या, चिकट टॉफी. नाकं मुरडणारे मुरडोत, मला आवडतं.

समुद्राला लागून प्रोम नावाची सुमारे अडीच किलोमीटरची सिमेंटची पायवाट आहे, शंभर वर्षं जुनी. तिच्यावरच ‘सीसाइड अ‍ॅक्वेरियम’ आहे. 1937 साली सुरू झालेलं, म्हणजे आपल्या तारापोरवाला मत्स्यालयाहून चौदा वर्षांनी मोठं. त्याआधी या इमारतीत समुद्राचं पाणी आत घेऊन केलेला पोहण्याचा तलाव होता. बाहेरून बघितलं तर कुणाला वाटेल, जुनं गोदाम आहे. पण दारापाशी पोचायच्या आधीच आतून भुंकण्याचे आणि पाणी आपटल्याचे आवाज येतात.

आत शिरल्याबरोबर वास येतो. सून-नातवंडांनी नाक धरलं. आई मात्र रत्नागिरीची. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, “मासळी ताजी आहे हो.”

सीलना द्यायला माशांचे तुकडे विकत मिळतात. ते घेऊन कठड्यापाशी उभं राहायचं. मध्ये काच नाही, ध्वनिक्षेपकावरचं निवेदन नाही, ठरलेल्या वेळेचा खेळ नाही. हातात मासा दिसला की सील कामाला लागतात. एक गोल गिरक्या घेतो, दुसरा पोटावर परांनी थापा मारतो. एका जाडजूड बाईसाहेबांनी तर (बाईच असावी, असं आईचं मत) सरळ नेम धरून पाणी उडवलं. बाबा चिंब. त्यांनी घाबरून हातातले सगळे तुकडे एकदम टाकून दिले, म्हणजे बाईसाहेबांचं काम झालं. कोण कुणाला शिकवतंय, हे दहा मिनिटांत आमच्या लक्षात आलं.

हे हार्बर सील. सर्कशीत नाकावर चेंडू तोलतात ते सी लायन, ते वेगळे. सी लायनला बाहेर दिसणारे कान असतात आणि मागचे पर पुढे वळवून तो चालू शकतो. हार्बर सीलला कानाच्या जागी नुसतं भोक, आणि जमिनीवर आला की सुरवंटासारखा पोटावर उसळत सरकतो. पाण्यात तोच प्राणी इतका सफाईदार, की नजर मागे राहते. इथलं समुद्राचं पाणी उन्हाळ्यातही जेमतेम 12-13 अंश असतं. आपण घोटा बुडवून किंचाळतो. त्यांना कातडीखालच्या चरबीमुळे फिकीर नाही.

आई प्रत्येक तुकडा उलटून बघत होती. “तारली का रे ही?” तारली नसावी. पण ती ज्या गांभीर्याने तपासत होती, ते बघून काउंटरवरच्या मुलीला आम्ही आरोग्य खात्याचे वाटलो असणार.

मला एक गोष्ट खटकली, ती सांगतो. हौद लहान आहेत. समोर अख्खा पॅसिफिक आणि यांच्या वाट्याला सिमेंटचा खळगा. सीलची पिल्लं इथेच जन्मली आहेत आणि माणसाच्या हातून खायची सवय झालेला सील समुद्रात टिकणं कठीण, हे पटतं. तरी आज कुणी नवं मत्स्यालय बांधलं, तर असे हौद बांधू नयेत. दुसरी बाजूही आहे. या किनाऱ्यावर सील, देवमासा, काहीही वाहून आलं की धावून जातात ती इथलीच माणसं. वाळूवर सीलचं एकटं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते, हे ती लोकांना पुन्हा पुन्हा सांगतात. 1972च्या कायद्याने त्याला हात लावणं गुन्हाही आहे.

बाकी टाक्या पटकन बघून होतात: ऑक्टोपस, वुल्फ ईल, खेकडे, हात लावायला समुद्रफुलं आणि तारामासे. मी थांबलो ते एका गोष्टीपाशी. 2011च्या त्सुनामीत जपानमधून सुटलेली एक छोटी होडी दोन वर्षांनी, मार्च 2013 मध्ये, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लाँग बीचला लागली. तिच्या पाणी भरलेल्या कप्प्यात पाच पट्टेरी जपानी मासे जिवंत होते. परक्या जातीचा प्रादुर्भाव नको म्हणून चार मारले. पाचवा इथे आणून ठेवला होता. अख्खा महासागर ओलांडला आणि मुक्कामी पोचल्यावर चार जणांचा निकाल लागला. बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते.

बाहेर पडून प्रोमने दक्षिणेला गेलो. तिथे जवळच दगडांची एक जुनी चूल पुन्हा रचून ठेवली आहे. 1806च्या सुरुवातीला लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या तुकडीतली माणसं इथे पाच किटल्यांत समुद्राचं पाणी रात्रंदिवस आटवून मीठ काढत होती. या भागात हिवाळाभर पाऊस, त्यामुळे लाकूड जाळण्यावाचून इलाज नव्हता. आईने चूल बघितली, वर आभाळ बघितलं. “एवढी लाकडं? आमच्याकडे मिठागरात हे काम ऊन फुकट करतं,” म्हणाली, आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारलं.